बारा वर्षांच्या इंग्रजीचा दाखला: जपानच्या शाळांतलं माझं पहिलं वर्ष

मी मूळची सांगलीची. २५ मार्च २०२४ ला जपानात उतरले, आणि मार्च २०२५ अखेर तिथल्या सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून माझं पहिलं वर्ष पुरं झालं. अर्ज करत होते तेव्हा याबद्दल मराठीत वाचायला मला काही सापडलं नाही. जे सापडलं ते अमेरिका-ब्रिटनच्या मुलामुलींनी लिहिलेलं. त्यांना ज्या गोष्टी विचारल्याच जात नाहीत, नेमक्या त्यांच्यात माझे तीन महिने गेले. म्हणून हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी कामाविषयी. जपानी शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्गशिक्षकाबरोबर आणखी एक माणूस उभा असतो. त्याला तिथे एएलटी, म्हणजे सहायक भाषा शिक्षक, म्हणतात. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, खेळ-गाण्यांतून नुसती ओळख. एएलटी व्हायचे मुख्य मार्ग तीन. पहिला म्हणजे १९८७ पासून चालणारी जपान सरकारची जेट योजना. तिचा अर्ज दूतावासामार्फत जातो, पगार बरा असतो आणि विमानाचं तिकीटही मिळतं. दुसरा, शाळांना माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपन्या. तिसरा, तिथल्या एखाद्या शिक्षण मंडळाने थेट घेणं, पण त्यासाठी बहुतेक वेळा तुम्ही आधीच जपानात असावं लागतं. जेटची माणसं जुलै-ऑगस्टमध्ये रवाना होतात. मला एप्रिलमध्ये, शाळेचं वर्ष सुरू होतानाच जायचं होतं, म्हणून मी कंपनीचा मार्ग धरला. ज्यांना थांबणं शक्य आहे त्यांनी आधी जेटचाच प्रयत्न करावा, असं आज मी कुणालाही सांगेन.

सप्टेंबर २०२३ मध्ये अर्ज भरला. तेव्हा मी पुण्यात एका शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि संध्याकाळी जपानीच्या क्लासला जात होते. या नोकरीला जपानी यावीच लागते असं नाही. पण मला जेमतेम जी येत होती तिनेच पुढे नगरपालिकेत, दवाखान्यात आणि शिक्षकांच्या खोलीत हात दिला. निघण्याआधी निदान हिरागाना आणि काताकाना या दोन्ही अक्षरलिप्या तरी पाठ करा, परकी शब्द आणि नावं जिच्यात लिहितात ती काताकाना तर नक्कीच.

ऑक्टोबरात ऑनलाइन मुलाखत झाली. पाच मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता. समोरचे दोन मोठे अधिकारी पाचवीतली मुलं झाले होते. 'तुला काय आवडतं' एवढंच शिकवायचं होतं. मी आंबा, केळं, कलिंगड अशी चित्रं काढून नेली होती. पाठ बरा झाला. मग प्रश्न आला, "इंग्रजी तुमची मातृभाषा नाही. मग मुलांनी ती तुमच्याकडून का शिकावी?" मी म्हटलं, "चौथीपर्यंत मी मराठी शाळेत होते. पाचवीत इंग्रजी माध्यमात गेले तेव्हा पहिले सहा महिने मला वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं. त्या बाकावर मी बसलेली आहे." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, कारण हा प्रश्न अजून किती वेळा ऐकावा लागेल याचा अंदाज येत नव्हता.

निवड झाल्याचं पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. पगार महिन्याला सव्वादोन लाख येन, तेव्हाच्या दराने सुमारे सव्वा लाख रुपये. ऑगस्टमध्ये शाळा बंद, म्हणून त्या महिन्याचा पगार कमी. पत्राखाली कागदपत्रांची यादी होती आणि तिच्यात पाचव्या क्रमांकावर माझी खरी परीक्षा होती.

परदेशी भाषा शिकवण्यासाठी मला जो निवासाचा दर्जा, म्हणजे व्हिसाचा प्रकार, मिळणार होता, त्याची अट अशी की ती भाषा शिकवणाऱ्याने किमान बारा वर्षं त्या भाषेतून शिक्षण घेतलेलं असावं. म्हणजे नुसतं इंग्रजी विषय घेऊन भागत नाही, माध्यम इंग्रजी लागतं. जे पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकले त्यांचा हिशेब बारावीलाच पुरा होतो. मी कागदावर मांडणी केली. पहिली ते चौथी जिल्हा परिषदेची मराठी शाळा, शून्य. पाचवी ते दहावी सहा. अकरावी-बारावी दोन. बीए तीन, एमए दोन. एकूण तेरा. एक वर्ष जास्तीचं होतं, म्हणून जरा निर्धास्त झाले.

प्रत्येक संस्थेकडून लेटरहेडवर दाखला हवा होता. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत ही विद्यार्थिनी इथे होती आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं, एवढं एक वाक्य, सही, शिक्का, जावक क्रमांक. शाळेने दोन दिवसांत दिला. पदवीच्या कॉलेजने आणि विद्यापीठाने दोन-तीन आठवडे घेतले. अडलं ते अकरावी-बारावीपाशी. आमच्या ज्युनिअर कॉलेजात कला शाखेला दोन्ही माध्यमं होती, त्यामुळे त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात 'माध्यम : मराठी / इंग्रजी' असं छापलेलं होतं. ते पत्र मी तसंच पाठवलं आणि कंपनीकडून चार दिवसांनी निरोप आला, यातून काही सिद्ध होत नाही. ती दोन वर्षं गळली की माझी होतात अकरा. एका वर्षाने सगळं जाणार होतं.

डिसेंबरात पुण्याहून सांगलीला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला प्राचार्य रजेवर होते. दुसऱ्या खेपेला ऑफिसातले काका म्हणाले, "बाळ, तू इंग्रजी माध्यमातच होतीस हे मी कशावरून लिहू? हजेरीपट आता कुठं शोधायचे?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. घरी येऊन आईपुढे बसून राहिले. बाबांनी काही न बोलता कपाटावरची खाकी फाइल काढली. ते आमचा एकही कागद टाकत नाहीत. तिच्यात माझ्या बारावीच्या परीक्षेच्या अर्जाची झेरॉक्स निघाली, कडेने पिवळी पडलेली. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, प्रत्येकापुढे माध्यम इंग्रजी. ती झेरॉक्स पाहून काकांनी त्याच दुपारी नवं पत्र टाइप करून दिलं, आणि शिक्का मारताना म्हणाले, "जपानात सांग, सांगलीचं इंग्रजी आहे म्हणावं."

माझ्यासारखं मधेच माध्यम बदललेल्या कुणाला हे करायचं असेल तर अर्ज भरायच्या आधीच वर्षं मोजा आणि दाखले गोळा करा. निवड झाल्यावर मिळणारी मुदत अपुरी पडते. नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टसारखंच आहे ना, तेही बघा. माझ्या एका दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं, तोही परत करून घ्यावा लागला. कंपनीने पोलिसांचा दाखलाही मागितला होता. तो पासपोर्टच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो, फी ५०० रुपये.

१ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी तोक्योच्या हानेदा विमानतळावर दोन विमानांची धडक. आईने टीव्हीसमोरून उठायचंच सोडलं. मी तिला नकाशा दाखवला, नोतो कुठे आणि मी कुठे जाणार. पण मी कुठे जाणार हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्या खोलीत येऊन म्हणाली, "तिथली माणसं राहतातच की."

जानेवारीच्या मध्याला कंपनीने तिथल्या इमिग्रेशनकडे माझ्या पात्रतेच्या प्रमाणपत्राचा अर्ज टाकला. यालाच सीओई म्हणतात. याला एक ते तीन महिने लागू शकतात आणि मधे काही कळत नाही. त्या काळात मी नोकरी सोडलेली नव्हती, हे शहाणपण मला पुण्यातल्या आमच्या जपानीच्या बाईंनी दिलं. सीओई हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, तिकीट काढायचं नाही.

४ मार्चला ते ईमेलने आलं. ते तीन महिनेच चालतं, तेवढ्यात जपानात दाखल व्हावं लागतं. ६ मार्चला पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊन व्हिसा केंद्रात पासपोर्ट, अर्ज, फोटो आणि ईमेलची छापील प्रत दिली. तेव्हा भारतीयांना जपानच्या व्हिसाची फी अगदी कमी, काही शे रुपये पडायची. त्यावर केंद्राचं सेवाशुल्क. १४ मार्चला पासपोर्ट परत आला. नेमणूक कुठे, हे कंपनीने ११ मार्चला कळवलं होतं, म्हणजे निघायला दोन आठवडेही नव्हते. तोक्योच्या ईशान्येचा इबाराकी प्रांत, कासुमिगाऊरा सरोवराच्या काठचं एक गाव, दोन प्राथमिक शाळा आणि एक माध्यमिक. तिकीट तेव्हा काढलं, एकमार्गी ४१ हजार रुपये.

पैशांचं आधीच सांगते, कारण माझी झोप यानेच उडाली होती. एप्रिलचा पगार ३१ मेला मिळणार होता. म्हणजे दोन महिने स्वतःच्या जिवावर काढायचे. खोलीचा सुरुवातीचा खर्च, भाडं, अनामत, विमा आणि कुलूप बदलायचे पैसे धरून १ लाख ७२ हजार येन झाला. मी सगळे मिळून साडेचार लाख येन घेऊन गेले होते, सुमारे अडीच लाख रुपये. त्यातले ३१ मेला ३८ हजार येन उरले होते. यापेक्षा कमी नेऊ नका. परकी चलनाच्या नोटा एका प्रवासात ३ हजार डॉलरच्या किमतीइतक्याच नेता येतात, बाकीचे कार्डावर भरून घ्यावे लागतात. गावाकडे बऱ्याच ठिकाणी रोखच चालते, म्हणून मी नोटा मर्यादेच्या काठापर्यंत नेल्या.

२४ मार्चला होळी होती. आईने सकाळीच पुरणपोळ्या केल्या आणि दोन डब्यात भरून दिल्या. दिल्लीला विमान बदलून २५ ला नारिताला उतरले. विमानतळावरच निवासपत्र हातात पडतं, छोटं, परवान्याच्या कार्डासारखं. ते सतत जवळ बाळगावं लागतं.

खोलीवर पोहोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. दिवे लागले, पाणी आलं, पण गॅस बंद. तिथे गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो आणि त्या वेळी आपण घरात असावं लागतं. त्याची वेळ आधी ठरवायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मार्चअखेरची थंडी, गरम पाणी नाही, गादी नाही. दोन रात्री आईच्या शालीत आणि स्वेटरमध्ये काढल्या, पुरणपोळ्या गारच खाल्ल्या. तुम्ही निघायच्या आधीच कंपनीला विचारून ही वेळ ठरवून घ्या आणि अंथरूण त्याच दिवशी पोहोचेल असं मागवून ठेवा.

राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत नाव नोंदवायचं असतं. मी तिसऱ्याच दिवशी गेले. निवासपत्राच्या मागे पत्ता छापून देतात, आणि तिथेच आरोग्य विमा व पेन्शनचं काम होतं. माझ्या करारात आठवड्याचे साडेएकोणतीस तास होते. कंपनी लहान असेल तर एवढे तास ठेवले की मालकाला नोकरदारांच्या विम्यात माणसाला घ्यावं लागत नाही. त्यामुळे राष्ट्रीय आरोग्य विमा आणि राष्ट्रीय पेन्शन मीच भरायची, पेन्शनचेच महिन्याला १६,९८० येन. पगाराचा आकडा बघताना हे वजा करून बघा. करारावर सही करण्याआधी मी हा आकडा नीट वाचला असता तर मी नक्कीच प्रश्न विचारले असते. आरोग्य विमा पहिल्या वर्षी स्वस्त पडतो, कारण तो आदल्या वर्षाच्या तिथल्या कमाईवर ठरतो आणि ती शून्य असते. दुसऱ्या वर्षी तो वाढतो, आणि जूनपासून रहिवासी करही लागतो. मी दर महिन्याला १५ हजार येन त्यासाठी बाजूला टाकते.

आपल्या नावांची तिथे एक खास अडचण होते. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, मग आडनाव. हे सगळं काताकानात लिहिलं की बँकेच्या अर्जातले चौकोन संपतात. मी एका बँकेत एका पद्धतीने लिहिलं आणि विम्याच्या कागदावर दुसऱ्या, तर पुढे दोन्ही जुळेनात. पहिल्याच दिवशी आपल्या नावाचं काताकाना एकदा ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे तेच उतरवा. शिवाय बँक खात्याला फोन नंबर मागते आणि फोनवाले बँकखातं मागतात. पैसे चोवीस तासवाल्या दुकानात भरता येतील असं सिमकार्ड घेतल्यावर माझी त्यातून सुटका झाली.

शाळेचा पहिला दिवस ९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा. २०२४ साली तिकडे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, उशिरा फुलला, त्यामुळे मी सायकलवरून गेले तेव्हा मैदानावर पाकळ्यांचा सडा पडला होता. जुनी सायकल १४ हजार येनला घेतली होती, पोलिसांकडची नोंदणी वेगळी. हेल्मेट घालायला शाळेने आवर्जून सांगितलं. दारात बाहेरची पादत्राणं काढून शाळेतले वेगळे बूट घालायचे, ते आपले आपण न्यायचे असतात. शिक्षकांच्या खोलीत शिरताना मोठ्याने अभिवादन करायचं, निघताना 'थकला असाल' अशा अर्थाचं ओत्सुकारेसामा म्हणायचं. उपमुख्याध्यापकांना क्योतो-सेन्सेई म्हणतात आणि शाळेचा सगळा गाडा तेच हाकतात. माझं पहिल्या दिवसापासून ज्यांच्याशी काम पडलं ते हेच. टेबलावर माझं नाव काताकानात लिहिलेलं होतं, भोवती हाताने काढलेली फुलं.

कराराचा आणखी एक पेच इथे कळला. माझी नेमणूक कंत्राटी कामाची होती. तशा करारात शाळेने मला थेट सूचना द्यायची नसते, ती कंपनीमार्फत यायला हवी. त्यामुळे वर्गशिक्षक तासाआधी पाठाविषयी बोलायलाही बिचकत. करार दुसऱ्या प्रकारचा, माणूस पुरवण्याचा असेल तर ही अडचण येत नाही. कंपनीला मुलाखतीतच विचारा, करार कोणत्या प्रकारचा आहे.

पहिले दोन आठवडे प्रत्येक वर्गात स्वतःची ओळख. मी सांगलीची हळद, बैलपोळ्याचे फोटो आणि गणपतीची छोटी मूर्ती नेली होती. मुलांना भारताबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे तिथल्या पोरांना एकोणीसपर्यंतचे पाढे येतात. "सेन्सेई, एकोणीस गुणिले एकोणीस?" मी म्हटलं, "तीनशे एकसष्ट." अख्खा वर्ग ओरडला. लहानपणी आजीने सकाळी तुळशीपाशी बसवून तीसपर्यंत म्हणून घेतले होते, ते असे कामी आले.

तास ४५ मिनिटांचा. माझ्या वाट्याला उच्चार, संवादाचे नमुने, खेळ आणि वर्गात फिरून एकेकाचं ऐकणं. जूनमध्ये सहावीच्या वर्गात फिरताना एका मुलाची वही दिसली. तो मुलगा बेसबॉल खेळणारा, मैदानावर सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, आणि इंग्रजीच्या तासाला एक शब्द नाही. माझी सावली पडताच त्याने वहीवर हात ठेवला. बोटांच्या फटीतून दिसत होतं, प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक काताकाना. 'व्हेजिटेबल'वर 'बेजितबुरु'. वर्गशिक्षकांचा नियम होता, काताकाना लिहायचं नाही, उच्चार बिघडतो. नियम बरोबरच आहे. पण मला माझी पाचवीतली वही आठवली. 'वेन्सडे'. 'बिकॉज'. सगळ्या शब्दांवर देवनागरी, बाई यायच्या आत खोडता येईल अशी फिकट. मी जपानीच्या परीक्षेची तयारी करतानाही चित्रलिपीवर देवनागरीतच लिहीत आले आहे.

त्या तासानंतर मी वर्गशिक्षकांशी बोलले. माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, की मीसुद्धा असंच शिकले, आणि ही अक्षरं एकदम काढून घेतली तर मूल वाचायचंच थांबतं. त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, सहावीचा हा एक वर्ग तुमच्या पद्धतीने बघू. आम्ही असं ठरवलं की आधी ऐकायचं, तीनदा म्हणायचं, मग हवं असेल त्याने वर लिहायचं, आणि जो शब्द न बघता म्हणता येईल त्याच्यावरचं स्वतः खोडायचं.

पुढच्या तासाला मी फळ्यावर 'लेमन' लिहून त्यावर देवनागरी लिहिलं. सगळे पुढे सरकले. मग त्यांना र आणि ल शेजारी शेजारी लिहून दाखवले, दोन वेगळी चिन्हं. जपानीत या दोघांना मिळून एकच अक्षर आहे, म्हणून त्यांना फरक ऐकूच येत नाही. पण दोन आकार डोळ्यांपुढे आले की कानही मागोमाग शोधू लागतो. त्यांची अ, का, सा, ता, ना ही अक्षरमालाही आपल्या वर्णमालेच्याच वळणाची आहे, तो क्रम बौद्ध भिक्षूंनी शिकलेल्या सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून आला. मी क, का, कि, की म्हणून दाखवलं तर मागच्या बाकावरून कुणीतरी ताल धरला.

मी शाकाहारी आहे, त्याचंही सांगायला हवं. शाळेत सगळे वर्गातच एकच जेवण घेतात, आणि भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. क्योतो-सेन्सेईंनी पहिला प्रश्न विचारला, "ॲलर्जी आहे का?" नाही म्हटल्यावर ते गोंधळले. शेवटी डबा आणायची परवानगी मिळाली. पण दुसऱ्याला घासभरही द्यायचा नाही, ॲलर्जीच्या भीतीने हा नियम कडक असतो. आपल्याला ते फार जड जातं. थालीपिठाच्या वासाने पाचवीतल्या मुली नाक वर करून बसायच्या आणि मी एकटी खायचे. पीठ, डाळी, मसाले तोक्योच्या निशी-कासाई या भारतीय वस्तीच्या भागातून आणायचे, महिन्यातून एकदा, जोबान लाइनच्या रेल्वेने तोक्योतल्या उएनोपर्यंत जाऊन पुढे. आमच्या भागात कमळकाकडीची शेती आहे, जपानात सर्वांत जास्त इबाराकीतच पिकते. नोव्हेंबरात शेजारच्या आजी चिखलासकट चार कांडं दारात ठेवून गेल्या. मी काचऱ्या करून त्यांना वाटीभर दिल्या, तिखट कमी घालून. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, आत दोन संत्री.

मी भारतीय आहे म्हणून कुणी वाईट वागलं का, असं मला मैत्रिणी विचारतात. वाईट नाही. पण माध्यमिक शाळेतल्या एका पालकाने 'खरी इंग्रजी बोलणारी' शिक्षिका का नाही असं विचारल्याचं मला कळलं, आणि तो आठवडा जड गेला. त्याच वेळी त्सुचिउरा शहराच्या ग्रंथालयातल्या बाई मला आपणहून सांगत होत्या, की इथल्या प्रांतीय हायस्कूलला २०२३ मध्ये योगेंद्र पुराणिक मुख्याध्यापक म्हणून आले, तुमच्याकडचेच ना? तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली निवडून आलेले ते हेच. मी हो म्हटलं, आमच्या महाराष्ट्राचेच. त्या दिवशी सायकल जरा जोरात चालवली.

माझा व्हिसा एका वर्षाचा होता. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून वाढीचा अर्ज करता येतो. मी जानेवारी २०२५ मध्ये मितोच्या इमिग्रेशन कार्यालयात गेले. नवा करार, कराचा दाखला, जुनी कागदपत्रं. फेब्रुवारीअखेर पोस्टकार्ड आलं. जाऊन ४ हजार येनचं मुद्रांक लावून नवं कार्ड घेतलं. १ एप्रिल २०२५ पासून ही फी ६ हजार झाली. यंदा माझ्या करारात तास वाढवून नोकरदारांच्या विम्यात घ्या अशी मागणी मी केली, आणि दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ती मान्य झाली. मागितल्याशिवाय ती मिळाली नसती. पेन्शनच्या सगळ्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत. देश कायमचा सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर काही रक्कम परत मिळते. बाबांच्यासारखी एक फाइल आता माझ्याकडेही आहे.

फेब्रुवारीत सहावीच्या मुलांना शाळेतली सगळ्यांत छान आठवण इंग्रजीत सांगायची होती. तो बेसबॉलवाला मुलगा उठला. वही हातात, पाच वाक्यं. सहलीला निक्कोला गेलो, मंदिर पाहिलं, खोलीत मित्रांशी गप्पा मारल्या, मजा आली. तो आवाज मैदानावरचा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. बसल्यावर त्याने वही झाकली नाही. मी जवळून गेले तेव्हा पाहिलं, काताकाना दोनच शब्दांवर उरलं होतं, 'फ्रेंड्स' आणि 'टेम्पल'. बाकी सगळीकडे खोडरबराचे पांढुरके डाग. मार्चमध्ये निरोपसमारंभ झाला, तो मित्रांच्या घोळक्यात फोटो काढत निघूनही गेला.

८ एप्रिलला शाळेचं नवं वर्ष सुरू होतंय. तिसरीचे दोन नवे वर्ग माझ्याकडे आलेत. त्यांच्यासाठी र आणि ल ची मोठी कार्डं काल रात्री कापून ठेवली.